सुमतीताईची पेज

सुमतीताई बातमी खालून वर वाचते. आधी शेवटची ओळ, मग मधला मजकूर, मथळा सगळ्यात शेवटी. "मथळा त्यांनी ठरवून दिलेला असतो, खरं काही सुटलंच तर ते तळाशी सुटतं," असं तिचं म्हणणं. मला हे तिचं खूळ वाटायचं, आणि मी तिला तसं तोंडावर सांगायचे.

मी राखी. उइटहॉर्न या डच गावी तिच्या घरापासून चौथ्या गल्लीत एकटी राहते. नवरा होता, तो आता बर्लिनला दुसऱ्या बाईसोबत सुखात आहे. त्याच्याबद्दल एवढंच पुरे. सुमतीताई नात्याची नव्हे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी म्हणून ताई. परभणीकडच्या गावात वाढलेली, इंग्रजीत एम.ए. केलेली, आणि नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, भानुदासभाऊजींच्या मागे इथे आलेली. भाऊजी रॉटरडॅम बंदरातल्या जहाजांचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर लिहितात. पहिली चार वर्षं ताई घरात होती. त्या काळात ती सायकलवरून तीनदा पडली, डच शिकली, आणि लेक धम्मदीपा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देते म्हणून रोज एकदा चिडली. मग मीच तिला माझ्या कंपनीत चिकटवलं. तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

कंपनी शहरात, स्लोटरडाइकला. आमचं काम म्हणजे देशोदेशीच्या बातम्या वाचून त्यांना खुणा करायच्या. बातमी कशाबद्दल, सूर कसा, कोणाची बाजू घेतली, कोणाची गाळली. आमच्या खुणांवरून कॉम्प्युटर शिकतो आणि मग हजारो बातम्यांना स्वतःच खुणा करतो. एकच बातमी दोघींनी वाचायची, एकमेकींना न विचारता. दोघींची खूण जुळली की ती पक्की. आमच्या भाषेत पहिली नजर आणि दुसरी नजर. पहिली नजर बहुतेक वेळा सुमतीताईची असायची, दुसरी माझी.

उइटहॉर्नहून पंचवीस नंबरची ट्राम, पुढे झाउड स्टेशनवरून मेट्रो. त्या तासाभरात तिनं मला तिचं गाव सांगितलं. तिच्या पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कात्रण असायचं. चारच ओळी. मथळा: 'दोन गटांत किरकोळ वाद'. शेवटची ओळ: 'ज्येष्ठांच्या मध्यस्थीने गावात एकोपा कायम'.

"किरकोळ म्हणजे काय झालं होतं?" मी विचारलं होतं.

"आजोबांची मयत नेत होतो. वाट अडवली. इथून नाही न्यायची म्हणाले. दगड आले. माझ्या सख्ख्या काकांचा डोळा गेला. मयत दोन तास रस्त्यावर पडून होती, उन्हात." तिनं कात्रण पाकिटात परत सरकवलं. "आता यात दोन गट शोध."

तिच्या वडिलांनी तक्रार दिली होती. साक्षीदार दोन: एक ते स्वतः, दुसरे शेजारचे दत्ताकाका. आपल्याच वस्तीतले, आपलेच. दत्ताकाकांची रोजी ज्यांच्या शेतावर होती, त्यांच्याच पोरांनी दगड मारले होते. दत्ताकाकांनी जबाब दिला: धुरळा फार होता, मला काही दिसलं नाही. तक्रार बारगळली. त्याच वर्षी गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं आणि वेशीवर पाटी लागली.

"मग दत्ताकाकांशी तुम्ही बोलणं टाकलंत?"

"छे. रोज यायचे घरी. आई चहा द्यायची. फक्त कप वेगळा. कान तुटलेला, खिडकीत उपडा घातलेला. त्यांच्याशिवाय त्यात कोणी प्यायचं नाही."

"त्यांना कळायचं?"

"कळायचं की. मुकाट्यानं प्यायचे."

मी तेव्हा ट्राममध्ये खो खो हसले होते. तुझी आई भलतीच खमकी, म्हणाले होते. आज ते हसू आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तर मुद्द्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या शरदात आमच्याकडे श्रीलंकेचं काम आलं. एका संस्थेला मोजायचं होतं की यादवी संपून पंधरा वर्षं झाल्यावर तिथल्या वर्तमानपत्रांतून देश किती एकसंध दिसतो. उणे दोन ते अधिक दोन अशी पट्टी होती. आम्ही तिला एकोप्याचं मीटर म्हणायचो. नियमांचं पुस्तकच होतं. सण, क्रिकेट, रक्तदान, एकत्र जेवण आलं की अधिक. कोणा एकाच समाजाच्या मेलेल्यांची, हरवलेल्यांची आठवण काढली की उणे. शेरा 'दुही वाढवणारी'.

"म्हणजे आपला माणूस मेला म्हटलं की एकोपा बिघडतो," सुमतीताई पहिल्याच दिवशी म्हणाली. "माझ्या बापानं आयुष्यभर उणे दोनच मिळवले असते."

प्रताप आमचा प्रोजेक्ट लीड, लखनौचा. त्याच्याशी बोलणं हिंदीत. तो हसून म्हणाला, "सुमतीजी, रूल्स क्लायंट के हैं. हमें सिर्फ लेबल करना है."

त्यातच तो फोटो आला. कोलंबोच्या एका इंग्रजी दैनिकातला. रस्त्याच्या कडेला चुलीवर मोठं पातेलं, पाच-सहा बायका, मधली हातात डाव घेऊन वाकलेली, समोर रांग. पातेल्यात पांढरं, पातळ काहीतरी. खाली एक ओळ: 'उत्तरेत महिलांकडून वाटसरूंना अन्नवाटप'. तारीख मे महिन्यातली, बुद्ध पौर्णिमेला पाच दिवस बाकी असतानाची.

आता आम्ही काय बघणार? दर बुद्ध पौर्णिमेला वस्तीच्या तोंडाशी पातेलं ठेवून खीर वाटण्यात आमचं दोघींचं बालपण गेलेलं. त्यातून लंका म्हणजे आम्हाला धम्माचं माहेर. लहानपणी वस्तीत आलेले भंते तिथलेच, इथे विहारात त्रिसरण देणारे भंतेही तिथलेच. सुमतीताईनं खूण केली: बुद्ध पौर्णिमा, खीरदान, सूर आनंदी, अधिक दोन. मी तिला न विचारता, तिची खूण न बघता, तेच लिहिलं. वर मी एक टीप जोडली, कारण रांगेतल्या माणसांच्या हातात वाट्यांऐवजी नारळाच्या करवंट्या होत्या. मी लिहिलं: 'इको-फ्रेंडली भांडी'.

प्रताप खूश. "दो लोगों ने अलग-अलग बैठकर एक ही चीज देखी. दिस इज गोल्ड." तो फोटो नमुना म्हणून नियमांच्या पुस्तकात गेला. कॉम्प्युटरनं त्यावरून तसले तीनशे चाळीस फोटो आणि बातम्या शोधल्या, सगळ्यांना अधिक दोन दिले. वसंतात अहवाल निघाला. त्यात एक वाक्य होतं: उत्तरेत मे महिन्यात लोक मोकळेपणानं, आनंदानं सार्वजनिक अन्नदान करतात. आम्ही त्या दिवशी कॅन्टीनमध्ये केक कापला.

केक कापून दिला तो पुष्पराणीनं. ती कॅन्टीन सांभाळायची. श्रीलंकेच्या उत्तरेतली, जाफन्याकडची तमिळ, पन्नाशीची, इथे येऊन वीस वर्षं झालेली. सुमतीताई तिला अक्का म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ती चमकून बघत राहिली. "आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात," ताईनं तिला डचमध्ये सांगितलं. तेव्हापासून आमच्या सूपमध्ये मिरची जास्त पडायला लागली.

मग गेल्या वर्षीची बुद्ध पौर्णिमा. सुमतीताईनं ऑफिसला डबा भरून खीर आणली. कोटाला पंचशील ध्वजाची छोटी पिन लावलेली. सगळ्यांना वाटली, अक्कालाही कपात घालून दिली. अक्कानं कप हातात घेतला, पिनेकडे बघितलं, आणि कप ओट्यावर ठेवून दिला.

"मे महिन्यात आम्ही गोड करत नाही," ती म्हणाली. तिचं डच-इंग्रजी मिसळलेलं असायचं, पण हे अगदी सावकाश म्हणाली. "आणि हा झेंडा. तुमचा वेगळा असेल. आमच्या शाळेच्या मैदानावर सैन्याची छावणी बसली, तिथे हाच लावलाय."

सुमतीताईनं पिन काढून खिशात टाकली. "मे महिन्यात काय झालं होतं, अक्का?"

अक्कानं सांगितलं. दोन हजार नऊच्या मेमध्ये लढाई संपली ती समुद्रकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत. लाखो तमिळ लोक तिथे कोंडलेले, वरून सैन्याचे तोफगोळे. खायला काही नव्हतं. तांदळाची पेज तेवढी मिळायची, नुसतं पाणी आणि शितं, असलं तर मीठ. भांडी कोणाकडे होती? करवंटीत घ्यायचे. पेजेच्या रांगेत उभे असतानाही माणसं मेली. तिचे आईवडील आणि भाऊ तिथेच गेले. म्हणून दर अठरा मेला त्यांच्याकडे तीच पेज करतात, करवंटीतून वाटतात. त्या पेजेखेरीज मेलेल्यांची दुसरी आठवण नाही. तिकडे ती वाटली तरी पोलीस येतात, नावं लिहून घेतात.

"माझी बहीण मलर वाटत होती," अक्का म्हणाली आणि तिनं फोन पुढे केला.

तोच फोटो. तीच डाव घेऊन वाकलेली बाई.

फोटो छापून आल्यावर मलरला तीनदा चौकीत बोलावलं. तिसऱ्यांदा दोन दिवस ठेवून घेतलं. त्यानंतर ती निघाली आणि इथे येऊन आसरा मागितला. एप्रिलमध्ये अर्ज फेटाळला गेला. कारणांत लिहिलं होतं की उत्तरेत मे महिन्यातलं अन्नवाटप उघडपणे आणि आनंदानं चालतं, तेव्हा अर्जदार सांगते ती भीती पटत नाही. खाली आमच्या अहवालाचं नाव आणि पानाचा आकडा.

मी सुमतीताईकडे बघायचं टाळलं. ती ओट्याला धरून उभी होती. तिनं अक्काला तिथल्या तिथे सांगून टाकलं. "ती खूण मी केली. मला खीर दिसली." ती मराठीतच बोलली. मग भानावर येऊन पुन्हा डचमध्ये सांगितलं.

अक्का ट्रे उचलून आत गेली.

परतीच्या मेट्रोत ताई एवढंच बोलली. "करवंटी बघून तरी कळायला हवं होतं गं. माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा करवंटीतच मिळायचा. खीर कोण देतं करवंटीत?"

माझ्या टिपेचा विषय तिनं काढला नाही. पण ती टीप मी लिहिली होती हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रतापकडे गेली. अहवाल छापला गेला, आता आकडे बदलता येत नाहीत, हे त्याचं उत्तर. तो वाईट माणूस नाही. त्याला घरी दोन लहान मुलं आहेत आणि वर बसलेला साहेब आहे. मग ताई मलरच्या वकिलीणबाईंकडे गेली, मलाही ओढून नेलं. तिथे मलर होती. फोटोतल्यापेक्षा निम्मी. ताईनं तिच्यापुढे हात जोडले, तर तिनं ते धरून खाली केले आणि आम्हाला बिस्किटं पुढे केली.

वकिलीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहवाल छाती ठोकून सांगतो की प्रत्येक खूण दोन वाचकांनी वेगवेगळी तपासली आहे. एकीनं लिहून दिलं की चुकलं, तर तो मतभेद ठरेल. दोघींनी दिलं तर ती चूक ठरेल. मला दोन सह्या हव्यात."

कागद एकच पान होता. सुमतीताईनं तिथेच सही केली. नोकरीच्या करारात लिहिलं होतं की कामातलं काही बाहेर सांगायचं नाही. सही म्हणजे नोकरीवर पाणी. आदल्या दिवशी भाऊजी तिला म्हणाले होते, "कर सही. आपला इथला पासपोर्ट झालाय, आपल्याला कोण हाकलतंय?"

त्यांचा झाला होता. माझा नव्हता. माझं इथलं राहणं त्या नोकरीवर होतं, आणि कायमच्या परवान्याला आठ महिने उरले होते. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. परत जायचं कुठे? नागपूरला, जिथे भावानं माझी खोली भाड्यानं दिलीय आणि वहिनी फोनवर पहिला प्रश्न 'परत तर येत नाहीस ना' असा विचारते? हे सगळं खरं आहे. मी ते स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय.

"मला दोन दिवस दे, ताई," मी म्हणाले.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. ताईनं एकदाही तगादा लावला नाही. ट्राममध्ये शेजारी बसायची, बातमी खालून वर वाचायची. तगादा लावला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित सही करून मोकळी झाले असते.

मग कंपनीनं मला बोलावलं. ताईचा सही केलेला कागद त्यांच्यापर्यंत पोचला होता. टेबलापलीकडे प्रताप आणि एक कायद्याची बाई. त्यांनी माझ्यासमोर तो फोटो ठेवला. छापील, मोठा. मलरच्या मनगटावरचा काळा दोरासुद्धा दिसत होता. प्रतापनं इंग्रजीत विचारलं, "दुसरी नजर तुमची. तुम्हाला तुमची खूण बदलायची आहे का?"

त्यांनी मला धमकी दिली नाही. दारही उघडंच होतं.

मी म्हणाले, "वाफ फार आहे फोटोत. नीट दिसत नाही."

त्यांनी लिहून घेतलं: दुसरी वाचक खूण कायम ठेवते.

सप्टेंबरात सुनावणी झाली. अपील फेटाळलं. निकालात ताईचा कागद एका वाक्यात निकाली निघाला: एका वाचकाचं मागाहून बदललेलं मत. नोव्हेंबरात मलरला विमानात बसवलं. कोलंबोला उतरल्याचा अक्काला मेसेज आला, दोन शब्दांचा. त्यानंतर फोन बंद. अक्का रोज सकाळी कॅन्टीन उघडण्याआधी लावून बघते. मी लवकर पोचले की मला ती दिसते, म्हणून मी आता उशिरा जाते. सूप मी घेत नाही.

सुमतीताईचा करार पुढे वाढवला नाही. ती आता आमच्या उइटहॉर्नच्या सुपरमार्केटात पाव भाजते. पहाटे सायकलवर जाते, पडत नाही. मी पाव घ्यायला गेले की कागदात बांधून देते, 'गरम आहे, हात सांभाळ' म्हणते. बाकी काही नाही.

माझा परवाना जानेवारीत आला. पत्र फोडल्यावर सांगायला दुसरं कोणी सुचलं नाही, म्हणून तिलाच फोन लावला. ती म्हणाली, "बरं झालं, राखी." ते तिनं मनापासून म्हटलं, याची मला खात्री आहे. म्हणून तर मी फोन ठेवून रडले.

यंदा अठरा मेला तिनं घरी बोलावलं. मला वाटलं, अक्काचं दुःख म्हणून सगळे जमतोय, आता जुनं मिटलं. दुपारची वेळ होती. अक्का, तिच्या ओळखीच्या तीन तमिळ बायका, भाऊजी, धम्मदीपा. भिंतीपाशी मलरचा तोच फोटो, कोणतीही ओळ नसलेला. ताईनं गावचं ते कात्रणही पाकिटातून काढून शेजारी ठेवलं होतं. स्वयंपाकघरात पेजेचं मोठं पातेलं. करवंट्या तिनं आठवडाभर नारळ फोडून जमवल्या होत्या, शहाबादी फरशीचा एक तुकडा कुठून तरी मिळवून त्यावर घासून कडा गुळगुळीत केल्या होत्या.

धम्मदीपानं एकेकाला करवंटी दिली. ती मराठीत म्हणाली, "सावकाश, गरम आहे." कधी नव्हे ते मराठीत. सगळ्यांनी दोन्ही हातांत करवंटी धरली. माझे हात रिकामे होते. मला वाटलं, पोरगी विसरली.

मग सुमतीताई आतून आली. तिच्या हातात चिनीमातीची वाटी होती, एका बाजूला कडा उडालेली. तिनं ती माझ्यापुढे धरली. आत खीर होती. वेलदोडा घातलेली, वर चारोळी.

"तुला खीर दिसली होती ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्या पाहुणीला विचारतात तसं म्हणाली. "तुझ्यासाठी वेगळी केलीय."

अक्कानं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या करवंटीत.

माझ्या आजीनं वेगळं भांडं पाहिलं होतं. माझ्या आईनं ते ऐकलं होतं. मी शिकले, समुद्र ओलांडून आले, आणि माझ्या वाट्याला ते पुन्हा आलं, आमच्याच माणसाच्या घरात, माझ्याच करणीनं. उठून जावंसं वाटलं. पण दत्ताकाका उठून जात नसत, रोज येत, हे मला आठवलं, आणि ते का येत असतील तेही तेव्हा कळलं.

मी वाटी घेतली आणि मुकाट्यानं संपवली. खीर चांगली झाली होती. निघताना ताईनं वाटी माझ्या हातून घेतली, धुतली आणि खिडकीत उपडी घातली.